विहिरीएवढं पोहणं

मी पोहायला शिकले ती सांगलीकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. शिकवणारे आबा, माझे वडील. त्यामुळे बँकेने चेन्नईला बदली केल्यावर तिथल्या तिरुवल्लिकेणी भागातल्या माझ्या खोलीजवळच्या पोहण्याच्या तलावात नाव घातलं, तेव्हा मी चांगलीच तोऱ्यात होते. तो तोरा पहिल्याच दिवशी उतरला. मान वर काढून धपाधप चार हात मारले की माझं अंग आपोआप मागे वळायचं. आमची विहीर तेवढीच होती ना! कोच वैतागून ओरडायचे, "तलै कीळे, मॅडम!" म्हणजे डोकं खाली. तेही जमेना, कारण तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही हा आबांचा पहिला धडा होता.

त्याच वर्षी आई गेली. मी हट्टाने आबांना चेन्नईला आणलं. ते दिवसभर खुर्चीत बसून राहायचे, वाढलेलं मुकाट जेवायचे. आईचं नाव एकदाही काढलं नाही. "इथंच राहा आता," म्हटलं की "बघू" म्हणायचे, आणि बुधवारच्या गाडीचं परतीचं तिकीट शर्टाच्या खिशात सांभाळायचे. गावच्या घरात ते एकटे कसे राहणार, म्हणून मी रोज नव्याने विचारायचे.

रविवारी तलावावर घरच्यांना नेता यायचं. मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. जन्मभर पांढरी टोपी घातलेल्या माणसाला तलावावर सक्तीची असलेली रबरी टोपी चढवताना मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरच. पाण्यात उतरले, मान ताठ ठेवून झपाट्याने निघाले, आणि चार हात झाल्यावर वळून परत आले. कोचनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

मग कोच तमिळ-इंग्रजीत सांगू लागले आणि मी तेच आबांना मराठीत. तोंड पाण्यात ठेवायचं, तळाची काळी रेघ बघायची. हात पुढे लांब सोडून जरा थांबायचं, घाई करायची नाही. मान उचलायची नाही, नुसती बाजूला वळवून श्वास घ्यायचा, आणि तो पाण्यातच हळूहळू सोडायचा.

"सोडला तर बुडंल की माणूस," आबा म्हणाले.

"नाही बुडत, आबा. मी आहे ना." स्वतःला एकदाही जमलेलं नसताना मी हे बिनदिक्कत ठोकून दिलं.

त्यांनी तोंड बुडवलं. बुडबुडे आले. हात सावकाश पडू लागले. अर्ध्यावर वळतील असं मला वाटलं, पण ते गेले ते थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिथे दांडी धरून पाठमोरे उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. दम लागलाय असं कोचना वाटलं. मला मात्र कळलं. मी तशीच पाण्यात झेपावले. डोकं कुठे होतं, श्वास कधी घेतला, काही आठवत नाही. मला फक्त त्यांच्यापाशी पोचायचं होतं, आणि मी पोचले.

"मी पोहायला लागलो की तुझी आई पायरीवर येऊन बसायची," ते म्हणाले. "वळलं की दिसायची."

मी त्यांच्या शेजारी दांडी धरली. त्यांनी ओल्या तळव्याने तोंड पुसलं, एकवार सगळ्या तलावाकडे पाहिलं.

"पुढल्या रविवारी बी येता येतं का हितं?"

"येतं, आबा," म्हटलं, आणि भर तलावात त्यांच्या गळ्यात पडून रडले.