मामीचा चादरींचा सोस

मामी टापटिपीची होती असं कोणी सांगितलं तर खुशाल थाप समजा. तिचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळायचे, आणि माळ्यावरच्या रद्दीत मांजर बाळंत होऊन गेलं तरी हिला पत्ता नाही. पण नणंदेची पोर घरी राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाईंनी फर्मान काढलं, "आजपासून घरातली प्रत्येक चादर रोज धुवायची. उशांचे अभ्रेसुद्धा."

मामानं कप खाली ठेवला. "अगं, हे घर आहे की लॉज?"

"धुणार मी. तुमचं काय जातंय?"

तेव्हा ती पोर आतल्या खोलीत पांघरूण घट्ट धरून अंथरुणावरच बसली होती. अंथरूण ओलं होतं. आई गेल्यावर फिरतीच्या नोकरीवरच्या बापानं तिला वसतिगृहात ठेवलं, तिथंही रोज हेच व्हायचं. तिथल्या बाईंनी ओली चादर हातात देऊन तिला व्हरांड्यात उभं केलं, आणि शेवटी हवा मानवत नाही अशी सबब सांगून मामाकडे धाडून दिलं. इथं कळलं तर इथूनही काढतील, मग जायचं कुठं?

मामीनं आधी मामाची चादर ओढली, मग दोन्ही मुलांच्या, आणि शेवटी, "ऊठ गं, तुझी पण," म्हणत हिची. बघितली नाही, हुंगली नाही, सगळ्यांत गुंडाळून घेऊन गेली. पोरीला वाटलं, नशीब आपलं, मामीच वेडी निघाली.

आणि वेडच ते. चादरी आधी गार पाण्यात बुडवायच्या, कारण एकदम गरम पाण्यात घातल्या की वास मुरतो. मग सोडा, मग साबण, मग हात दुखेपर्यंत चुबकायच्या. थंडीच्या दिवसांत बोटं लाल व्हायची, भेगा पडायच्या. उशा उन्हात टाकून, बडवून, उलटून घ्यायच्या. सगळ्या गाद्यांवर चादरीखाली मेणकापड आलं.

"हे कशाला?" थोरल्यानं विचारलं.

"ढेकणांसाठी."

"मेणकापडानं ढेकूण जातात होय?"

"जातात. गप झोप."

शेजारीण एकदा दोरीकडे बघून म्हणाली, "घरात कोणी आजारी आहे का हो?"

"आहे ना, मी. धुण्याचा आजार."

पाऊस लागला तेव्हा मात्र कहर झाला. दारांवर, खुर्च्यांवर, जिकडे तिकडे ओल्या चादरी. मामा त्यांतून वाट काढत जेवायला आला आणि भडकला. "पुरे झालं आता. ज्याची मळेल त्याची धू!"

पोरीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"रोज मळते ती तुमचीच," मामी शांतपणे म्हणाली. "तोंड उघडं टाकून झोपता, लाळ गळते. मुलांसमोर बोलायला लावू नका." मुलं खिदळली. मामा बिचारा कानकोंडा होऊन भात कालवू लागला. नवऱ्याची अब्रू गेली तर गेली, पण पोरीचं नाव निघालं नाही. असं माणूस शोधून सापडत नाही, सांगून ठेवतो.

हळूहळू कोरड्या सकाळी येऊ लागल्या. मधेच एखादी ओली, मग पुन्हा कोरड्या. ओली सकाळ आठवेनाशी झाली तेव्हा एक दिवस पोर न्हाणीघराच्या दाराशी आली. मामी बादली भरत होती.

"मामी, माझी चादर आज नको धुऊस. स्वच्छच आहे."

"कालही होती ना?"

"हो. परवापण."

"बरं." मामीनं नळ बंद केला, हात पुसले आणि चहा टाकायला गेली.

पोर मागोमाग आली. पलंगांवर सगळ्या चादरी तशाच होत्या. "आणि बाकीच्यांच्या?"

"त्यांच्या कशाला?" मामी पातेल्यात साखर घालत म्हणाली. "त्या कुठं मळल्यात?"

पोरीला कळायला एक क्षण लागला. मग तिनं मागून मामीच्या कमरेला मिठी मारली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.