पोरीचंच मन न्हाय

द्वारकाबाई खोटं बोलणार नाही, हे येरमाळ्याजवळच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं, ते काम तिच्या गळ्यात टाकलं.

त्यांची हर्षाली दहावीला शाळेत पहिली आली होती. पण थोरले दीर आण्णासाहेब म्हणाले, "अकरावीला रोज एस्टीनं येरमाळ्याला जाणार, स्टँडावर उभी ऱ्हाणार. उद्या सोयरीक कशी जमंल?" झालं, महारुद्रनं शिक्षण बंद ठरवलं. पोरीच्या वर्गशिक्षिका श्रीदेवीबाई घरी येणार हे कळलं, तसा तो बायकोला म्हणाला, "पोरीचंच मन न्हाय म्हणून सांग. आमी अडवलं म्हणलं तर गावभर बोभाटा व्हईल."

बाई आल्या. महारुद्र सुपारी कातरत बसून राहिला.

"लई समजावलं बाई," द्वारकाबाई खाली मान घालून म्हणाली, "पण तिलाच शिकायचं न्हाय."

तेवढ्यात हर्षाली चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खरं का गं?" बाईंनी विचारलं.

पोरीनं आईकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय बाई. मलाच नको वाटतंय."

द्वारकाबाईला वाटलं, आईला खोटं पाडायचं नाही म्हणून पोर आपल्याच तोंडानं आपलं नुकसान करून बसली. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. संध्याकाळी भाकरी थापताना शेजारी जाळ सारणाऱ्या लेकीकडं बघायचीही तिला हिंमत होईना.

सकाळी शेतात जाते म्हणून ती निघाली, ती थेट शाळेत गेली. खोलीत सगळे मास्तर बसलेले. दारातूनच ती म्हणाली, "बाई, म्या काल खोटं बोलले. पोरीला शिकायचंय. आमीच अडवलंय." तिनं तोंडात पदर कोंबला.

"चारचौघांत माझी इज्जत घालवलीस!" महारुद्र घरी ओरडला.

"माझी तर कालच गेली," ती म्हणाली.

कितीतरी दिवस त्यानं अबोला धरला. श्रीदेवीबाई पुन्हा येऊन बसल्या, गावातल्या आणखी पोरी सोबतीला मिळवून दिल्या, तेव्हा कुठं तो "जाऊ द्या मग" म्हणाला. आण्णासाहेबांनी मात्र घरी येणं सोडलं.

हर्षाली आता अकरावीला आहे. एकदा तिची वेणी घालताना द्वारकाबाईनं भीत भीत विचारलं, "माझा राग आला व्हता का गं?"

"न्हाय आई," हर्षाली म्हणाली. "तू कधी खोटं बोलत न्हाईस. मला वाटलं, खरंच माझं मन नसंल."

द्वारकाबाईचे हात वेणीतच थांबले.