मौजे उंबरतळ, तालुका नाही

ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण त्याआधी माझ्या वडिलांच्या अंगठ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मला एवढा धक्का का बसला ते कळणार नाही.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. वडिलांकडं तीसेक मेंढरं होती, आई दुसऱ्यांच्या रानात निंदणीला जायची. मी सातवीत असताना आमची मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली अशी तक्रार झाली. शिरली होती दुसऱ्याची. वडिलांना ठाण्यात बोलावलं. जमादारानं कागद पुढं सरकवला. वडील म्हणाले, वाचून दाखवा. जमादार म्हणाला, तू बोलला तेच लिहिलंय, लाव अंगठा. त्या कागदात वडिलांनी गुन्हा कबूल केलेला होता. निम्मी मेंढरं विकावी लागली. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आईलाच माहीत. घरी आल्यावर वडिलांनी शाईनं काळा झालेला अंगठा मला दाखवला आणि म्हणाले, "तू वाचायला शीक. कागदावर असतं तेच खरं."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झालो, फौजदार झालो, पुढं सहायक निरीक्षक झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. खात्यात माझं नाव एकाच गोष्टीसाठी घेत, कागद पक्का. माझ्या पंचनाम्यात बोट घालायला वकिलाला जागा सापडत नसे.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. अमुक गावच्या ग्रामपंचायतीत संगणक चालवणारा माणूस घरी बसून मेलेल्या माणसांच्या खोट्या नोंदी करतो आणि त्यांची घरं दुसऱ्यांच्या नावावर लावतो, असं त्यात होतं. सोबत छापील कागद. वर 'मृत्यू नोंद', खाली मयताचं नाव, वय, वारस, घर क्रमांक आणि 'मौजे उंबरतळ'.

मी तहसीलला विचारलं. या नावाचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही, असं उत्तर आलं. नसलेल्या गावात माणसं मरतात आणि त्यांना वारसही लागतात, म्हणजे बनावट दाखल्यांची मोठी टोळी असणार, अशी माझी खात्रीच झाली. स्टेशन डायरीला नोंद घेतली. दोन शिपाई, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो.

तो संगणक चालवणारा, म्हणजे ऑपरेटर, तिशीचा, सडपातळ. पत्र्याच्या खोलीत संगणक, शेजारी ओळीनं फाइली. जन्म-मृत्यू नोंदवही, ग्रामसभेचे ठराव, रजेचे अर्ज, पाहुण्यांची नोंद. इतकं नीट दप्तर मी खऱ्या ग्रामपंचायतीतही पाहिलेलं नव्हतं. संगणक आणि फोन बंद करून लाखेचं सील लावायला घेतलं, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.  फोनवर लाख पडायला लागली तसा ऑपरेटर हात जोडून म्हणाला, "साहेब, बाकी समदं न्या. फोन तेवढा तासभर चालू ठिवा. तीन वाजता गोदाक्का येती."

"कोण गोदाक्का?"

"आमच्या गावची सुईण हाये."

"कुठलं गाव?"

"उंबरतळ."

"तालुका सांग."

तो खाली बघत म्हणाला, "तालुका न्हाई साहेब. ते गाव कुठंच न्हाई."

पंच हसले. मी शिपायाला सील पुरं करायला सांगितलं. टोळीतली एक बाई तीन वाजता फोन करणार, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला होता.

ठाण्यात त्याला बसवून घेतलं. चौकशीत मी कधी आवाज चढवत नसे. पाणी द्यायचं, समोर बसायचं आणि थांबायचं. गप्प बसणाऱ्या पोलिसाला माणूस जास्त सांगतो. हा तर न विचारता सांगत होता.

तर ते गाव इंटरनेटवर होतं. काही वर्षांपूर्वी पाच जणांनी मिळून ते वसवलं. एकेकानं एकेक माणूस व्हायचं, पाटील, कुंभार, शाळामास्तर, आणि त्या माणसाच्या तोंडून रोज थोडं लिहायचं. एकानं लिहिलं की विहिरीवर भांडण झालं, की दुसऱ्यानं आपल्या माणसाला घेऊन विहिरीवर जायचं. आता तिथं दोनशेच्या वर घरं होती. लिहिणाऱ्यांत वडीगोद्रीकडचा बियाणाच्या दुकानातला माणूस होता, दवाखान्यातल्या सिस्टर होत्या, ट्रॅक्टर चालवणारे होते, आणि कितीतरी सुना होत्या ज्यांचं खरं नाव त्यालाही माहीत नव्हतं. विचारायचं नाही हा नियमच होता.

मी विचारलं, इतकी माणसं जमवली कशी? तो म्हणाला की घाई केली नाही म्हणून जमली. नव्या माणसाला लगेच घर देत नसत. त्यानं आधी आठ दिवस कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून राहायचं, म्हणजे तसं लिहायचं, मग ग्रामसभा त्याला घर क्रमांक देई. लिहिणं जमणार नसेल तर रजेचा अर्ज. अर्ज न देता कुणी गप्प झालं, तर शेजाऱ्यानं त्याच्या दारात जाऊन हाक मारायची. आणि सगळ्यांत मोठा नियम त्यानं मला बोट उचलून सांगितला. "दुसऱ्याच्या माणसाचा हात आपण उचलायचा न्हाई. त्याला मारायचं तर बिलकुल न्हाई. मरायचा हक्क ज्याचा त्याला."

हा नियम एकानं मोडला होता. शेजाऱ्याच्या म्हाताऱ्याला न विचारता विहिरीत ढकललं. ग्रामसभेनं त्याला काढलं. तेव्हापासून ऑपरेटरनं मंजूर केल्याशिवाय कुणाचंही लिखाण गावात लागत नसे. निनावी अर्जाबद्दल माझा अनुभव आहे की लिहिणाऱ्याला आतली एक गोष्ट जास्तच माहीत असते. हा अर्ज कुणाचा, ते मला त्याच क्षणी कळलं.

खरं सांगतो, मला हसू येत होतं. पोरखेळ म्हणून कागद मिटवावा, समज देऊन सोडावं, अशा विचारात होतो. तेवढ्यात आमची महिला शिपाई आत आली. जप्त फाइलींची पानं मोजायला मी तिला बसवलं होतं. ऑपरेटर रोजच्या लिखाणाच्या प्रती काढून लावत असे, कार्यालयाची सवय. ती पानं मोजायचं सोडून वाचत बसली होती.

"सर, हे खेळातलं नाही," ती म्हणाली.

गोदाक्का दोन वर्षं रोज तीनला लिहीत आली होती. बाळंतपणं, काढे, माळावरची औषधं. गेले बारा दिवस मात्र ती एकाच बाईबद्दल लिहीत होती. एका घरामागं कडब्याची खोली आहे, तिला पत्र्याचं दार आहे, बाहेरून कुलूप. आत एक बाई. घरच्यांनी गावात सांगितलंय की तिला वेड लागलंय. नवऱ्याला दुसरं लगीन करायचंय. फटीतून तिला पाण्याची टाकी दिसते, अर्धी निळी रंगवलेली. दहा वाजता एसटी येते आणि तिथूनच वळून परत जाते.

उंबरतळच्या लोकांनी याला गोष्ट समजून आपापली माणसं पाठवली होती. पाटील आला, लोहार घण घेऊन आला. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून लिहिलं की दार मोडलं, बाईला बाहेर काढलं, गूळपाणी दिलं. त्याखाली गोदाक्काची ओळ होती.

"दार मोडलं न्हाई. बाई आतच हाये."

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, दोन वर्षांत तिनं कुणाचं लिहिलेलं कधी न्हाई म्हणलं न्हाई. काल पहिल्यांदा म्हणली. रातभर माझ्या डोक्यातून जाईना. आज तीनला तिला खरं नाव इचारणार होतो. नियम मोडून इचारणार होतो."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वाचार. फोन सीलबंद होता आणि सील मीच लावायला लावलं होतं. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुद्देमाल उघडता येत नाही. पण पासवर्ड त्या माणसाच्या डोक्यात होता. महिला शिपाईनं आपला फोन त्याच्या पुढं धरला. तीन वाजून सहा मिनिटांनी आलेलं लिखाण मंजुरीवाचून अडकून पडलं होतं.

"गावात कुनीच न्हाई का? उद्या सकाळी त्या बाईला गाडीत घालून नेनार हायेत. कुठं ते तिला म्हाईत न्हाई."

तीस वर्षांच्या नोकरीत मी बरंच पाहिलं. विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली, जळालेली माणसं पाहिली. पण त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ती तीन वाजता आली होती, हाक मारून गेली होती, आणि मी तेव्हा पंचांच्या सह्या घेत होतो.

महिला शिपाई डेपोत फोन लावून बसली. दहाला जाऊन तिथूनच वळणारी गाडी कुठली, हे तिनं कंट्रोलरकडून काढलं. तीन गावं निघाली. अर्धी निळी टाकी कुठं, ते त्या भागात फिरणाऱ्या बीटच्या शिपायानं सांगितलं. वाटूरच्या फाट्यावरून आत जाणारं एक गाव. त्या गावातून पूर्वी काही तक्रार आहे का, म्हणून अदखलपात्र नोंदवही काढली. चार महिन्यांपूर्वीची एक नोंद सापडली. विवाहिता, वय सव्वीस. सासरचे मारतात, कोंडून घालू म्हणतात. खाली शेरा, 'पतीस बोलावून समज दिली, आपसात समेट झाला, तक्रार नाही.' त्याखाली तिची सही आणि माझी सही.

पाहिल्याबरोबर मला ती आठवली. हिरवी साडी, हातात पिशवी. मी कागद पुढं सरकवला होता. ती म्हणाली होती, "साहेब, वाचू का एकदा?" बाहेर आमदारांचा ताफा यायचा होता, मला घाई होती. मी म्हणालो होतो, तुम्ही बोललात तेच लिहिलंय, करा सही.

 महिला शिपाईनं नोंद वाचली होती. तिनं जीपची किल्ली माझ्यापुढं ठेवली.

दिवस मावळायच्या आत आम्ही त्या गावात होतो. सासू ओट्यावर बसलेली. आम्हाला बघून म्हणाली, "सून येडी झाली साहेब, अंगावर येती. इलाज करून राह्यलो आम्ही." नवरा मधे आडवा आला. घरामागं पत्र्याचं दार होतं, कुलूप होतं. किल्ली मिळेना म्हणून पंचांसमोर कुलूप तोडलं.

ती कडब्याला पाठ लावून बसली होती. वाळून गेली होती, एका पायात दोरीचा वळ. माझ्या वर्दीकडं पाहून ती आणखी मागं सरकली. मी दारातच थांबलो. महिला शिपाई आत गेली, खाली बसली आणि तिला पाणी दिलं. तिनं आधी पाणी घेतलं नाही. हळू आवाजात विचारलं, "उंबरतळहून आलात का?"

"हो," महिला शिपाई म्हणाली. "दार मोडलं."

तेव्हा ती पाणी प्यायली.

गोदाक्का तीच होती. कोंडलेली असताना फोन तिच्याकडं कसा, हे जबाबात आलं. तिची बहीण पुण्यात होती. बहिणीला संशय येऊ नये म्हणून सासरचे हिच्या रोजच्या वेळी, तीनला, तासभर फोन हातात देत, 'मी बरी आहे' एवढं लिहून घेत. सासू समोर बसे, पण तिला वाचता येत नव्हतं. नवरा संध्याकाळी फोन, मेसेज सगळं तपासायचा. म्हाताऱ्या सुईणीच्या गोष्टी तेवढ्या तो वाचत नसे. मी तिला विचारलं, बहिणीला किंवा आम्हाला का नाही कळवलं? बहिणीला लिहिलेलं त्यानं वाचलं असतं, म्हणाली. आणि आमच्याबद्दल म्हणाली, "तुमच्याकडं आल्ते की."

ते वाक्य मी तिच्या जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. 

डांबून ठेवणं आणि विवाहितेचा छळ, असा गुन्हा दाखल केला. बचावाच्या वकिलानं तिला वेडसर ठरवायचा प्रयत्न केला. सरकारी वकिलांनी ते बारा दिवसांचं लिखाण कोर्टात वाचून दाखवलं, तारीखवार, एकाही दिवसाचा खंड नाही. वेडी बाई असं लिहीत नाही, हे कुणाला समजवावं लागलं नाही. चार महिन्यांपूर्वीची नोंद मात्र आमच्या बाजूला फार घातक होती. समेट झालाच होता, असं त्या नोंदीवरून म्हणता आलं असतं. मी साक्षीला उभा राहिलो आणि सांगितलं की समेटाचा मजकूर माझा होता, बाईंनी वाचायला मागितला होता, मी वाचू दिला नाही. सहकारी म्हणाले, कशाला गळ्यात घेता, निवृत्ती तोंडावर आलीय. मला वडिलांचा अंगठा दिसत होता. त्या जमादाराचा मी आयुष्यभर राग केला आणि शेवटी त्याच्याच खुर्चीत बसून त्याचंच वाक्य बोललो. कॉलेज शिकून मी कागद वाचायला शिकलो होतो. समोरच्याला वाचू द्यायला शिकलो नव्हतो.

उंबरतळ खोटं होतं, तिथला प्रत्येक कागद खोटा होता. पण कुणी गप्प झालं तर दारात जाऊन हाक मारायची, हा नियम तिथं पाळला जात होता. माझ्या ठाण्यात सगळे कागद पक्के होते आणि चार महिन्यांत त्या बाईच्या दारात कुणी गेलं नव्हतं. या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही जबाब देणाऱ्याच्या हातात दिल्याशिवाय सहीला ठेवला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला त्यानंच आणलेल्या माणसाकडून वाचून घ्यायला लावलं. उशीर व्हायचा, लोक कुरकुरायचे. होऊ दिला.

ऑपरेटरविरुद्ध काहीच नव्हतं. कोर्टाच्या आदेशानं त्याचा संगणक आणि फोन परत दिला, सील मी स्वतः काढलं. गाव पुन्हा सुरू झालं.

नवरा आणि सासू दोघांना शिक्षा झाली. माझ्या सेवापुस्तकात एक ठपका आहे, तो माझ्याच साक्षीवरून बसला आणि बरोबर बसला. ती बाई जालन्यात एका दवाखान्यात नोकरी करते. भाड्याची एक खोली आहे. तिची किल्ली तिच्याजवळ असते.