नवतप्यातले कूलर

घाटंजीजवळच्या त्या गावात देवरावसारखा कूलरवाला नव्हता, कारण दुसरा कूलरवालाच नव्हता. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप साफ करायचा, पंख्याची खडखड थांबवायची, यावर त्याचं वर्ष निघे. ऊन कडक पडलं की तो खूश, म्हणून गाव त्याला पनवती म्हणे. फक्त मेअखेरच्या नवतप्यात सगळे त्याच्या बाजूचे. हे नऊ दिवस सणकून तापले तर पाऊसकाळ चांगला, मधेच पाणी पडलं तर नवतपा गळाला, ही जुनी समजूत.

गेली तीन वर्षं नवतपा गळत होता. कृषी खात्याचे साहेब येऊन सांगून गेले, की जमीन तापली की हवा वर जाते आणि समुद्रावरचं ओलं वारं आत ओढलं जातं; आता जमीन आणि समुद्र दोन्ही जास्त तापतात, म्हणून हंगामाआधीच सरी येतात; त्यांना मोसमी पाऊस समजून पेरू नका. तासभर बोलले बिचारे. गावाने त्यातला ओलावा तेवढा उचलला. समुद्र तर लांब, मग ओलावा कुठला? सरपंच भगवानरावांनी शोध लावला: गावातल्या दोनशे कूलरचा. ठराव झाला, नवतप्यात कूलर बंद.

देवरावच्या पोटावरच पाय आला. पण बोट आपल्याकडे नको म्हणून त्याने सर्वांत आधी घरचा कूलर बंद केला.

तिसऱ्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर गेला आणि भगवानरावांचा निरोप आला: मागच्या दाराने ये, पंख्याचा आवाज तेवढा घालव. मग मास्तरांचा, मग भजनी मंडळाच्या अध्यक्षांचा. आठवडाभरात देवरावने अर्ध्या गावाचे कूलर मुके केले. असा हंगाम त्याने जन्मात पाहिला नव्हता. घरी बायको इंदूबाई उन्हाच्या तापाने फणफणली होती. कूलर लावा म्हणून ती विनवायची, आणि हा तिच्या कपाळावर ओला पंचा ठेवून कामाला जायचा.

नवव्या दिवशी धो धो पाऊस पडला. सभेत प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, आमचा बंद होता. मग चालू कोणाचा होता? सगळे देवरावकडे बघू लागले. त्याला एकेक घर पाठ होतं. पण एक नाव घेतलं असतं तर पुढल्या उन्हाळ्यात त्याला कोणी दारात उभं केलं नसतं.

"माह्याच घरचा चालू होता," तो म्हणाला.

गावाचा जीव भांड्यात पडला. भगवानरावांनी मोठ्या मनाने माफी दिली.

तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. इंदूबाई भिंतीला टेकून कशीबशी बसली होती.

"चालू होता म्हन्ता," ती म्हणाली, "मंग मले हवा काहून नाही लागली जी?"