बेक्कारमधला एक क

"आक्का, काय म्हणतंय पब्लिक?" मालकांनी केबिनमधूनच विचारलं.

शुक्रवार होता. बाराचा पहिला शो नुकताच सुटला होता आणि मी दोन नंबरच्या दारात उभी होते. शेवटचं माणूस बाहेर पडलं तसं दार ओढून घेतलं आणि केबिनपाशी जाऊन सांगितलं, "मालक, बेकार म्हणतंय."

तीनच शब्द बोलले मी. त्या तीन शब्दांत एक माझा स्वतःचा होता, पब्लिकचा नव्हता. ते कळायला सोमवार उजाडावा लागला.

नीट सांगते. सांगलीतल्या एका जुन्या थेटरात मी तीस वर्षं आहे. एकच पडदा, लाकडी खुर्च्या. आधी बायकांच्या बुकिंगच्या खिडकीत बसायचे, नंतर डोअरकीपर झाले. शाळा सातवीपर्यंत. पण माझं खरं काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. ते म्हणजे रिपोर्ट. पिक्चर सुटलं की माणसं दारातून बाहेर पडताना जे बोलतात ना, त्याला आमच्यात रिपोर्ट म्हणतात. आत शिरताना माणूस काहीही बोलेल, पण बाहेर पडताना खोटं बोलत नाही. ती दोन मिनिटं कान उघडे ठेवायचे आणि मालकांना सांगायचं. त्यावर मालक ठरवतात, पिक्चर आठवडाभर ठेवायचं का आधीच उतरवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. उभं राहून राहून आलं. आणि आलं म्हणून मिजासही आली, तीही सांगते.

त्या शुक्रवारचं पिक्चर झोंबीचं होतं. नाव 'मेलो तरी ड्युटी'. झोंबी म्हणजे मेलेली माणसं उठून चालतात, ज्याला चावतील तोही झोंबी होतो. ह्यात कुपवाडच्या एका कारखान्यातली आख्खी शिफ्ट झोंबी होते. पण सवय अशी की मेले तरी वेळेवर गेटवर येऊन कार्ड पंच करतात. आणि सुपरवायझरला काही कळतच नाही, कारण कामात फरकच पडलेला नसतो. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पोस्टर पाहिलं होतं. एक माणूस स्वतःचं आतडं गळ्यात मफलरसारखं गुंडाळून उभा. मी उदबत्ती लावून पोस्टरकडे पाठ केली.

पिक्चर काढलं होतं प्रवीणनं. कुपवाडला लेथवर काम करणारा माणूस, दोन लेकरांचा बाप. कामगार मित्रांनाच झोंबी करून सुट्ट्या-सुट्ट्यांना शूटिंग केलेलं. गुरुवारी पोस्टर चिकटवायला स्वतःच आला होता. खळीचे हात पुसत मला म्हणाला, "आक्का, आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारची. आमची सगळी झोंबी सोमवारी येणार, घरच्यास्नी घेऊन. तेवढा सोमवार धरून ठेवा. आणि कराडचा थेटरवाला तुमच्या रिपोर्टवर थांबलाय. सांगलीत चाललं तर तो घेणार."

"बघू की," मी म्हणाले.

आता शुक्रवारी दारात काय ऐकलं ते सांगते. दोघं खांद्यावर हात टाकून बाहेर आले. "बेकार हाय गड्या! बेकार म्हंजे बेकार!" असं मी ऐकलं. मागून एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला, "तो सुपरवायझर कसला बेकार हाय गं!" आणि एक जण डोळे पुसत आला. मला वाटलं, झोप झाली वाटतं ह्याची.

शनिवारी मालकांनी पुन्हा बोलावलं. त्यांना शंका होती. "आक्का, आतनं हसायचा आवाज येत हुता की."

"पिक्चरला हसत असतील, मालक. पिक्चरमध्ये हसण्यासारखं असंल असं न्हाई."

"नक्की?"

"तीस वर्षं दारात उभी हाय मी."

मालकांनी फोन करून सोमवारपासून दुसरं पिक्चर घेतलं.

इथं दोन गोष्टी कबूल करते. एक, इंटरव्हलच्या आधी कुणी बाथरूमला उठलं नव्हतं. पिक्चर धरून ठेवतंय की नाही, ह्याची आमच्याकडची सगळ्यात पक्की खूण ही. मी ती बघितली आणि सोडून दिली, कारण त्या पोस्टरवरनं माझं मत आधीच झालं होतं. दुसरी, सोमवारचं प्रवीणचं बोलणं मी मालकांना सांगितलंच नाही. विसरले म्हणायची सोय आहे, पण विसरले नव्हते. म्हटलं, बेकार पिक्चरसाठी कुणाची भीड कशाला घालायची.

सोमवारी पावणेबाराला थेटरच्या आवारात पंचवीस-तीस मोटरसायकली शिरल्या. मी बाहेर येऊन बघते तर सगळी झोंबी! तोंडाला पीठ, डोळ्यांखाली काजळ, हनुवटीवर कुंकवाचं पाणी. मागं बसलेल्या बायका नव्या साड्यांत, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि एक स्वतःच्या साडीवर, पीठ लागू नये म्हणून. पोरं हसून लोळायची बाकी. प्रवीणच्या हातात पेढ्यांचा पुडा. आणि आमच्या पायरीवर एक म्हातारी काठी टेकून बसलेली. तिचा लेक झोंबी झालेला, आईनं पिक्चर बघावं म्हणून त्यानं तिला जतवरनं बोलावून घेतलेली.

प्रवीणनं वर बघितलं. त्याच्या पोस्टरच्या जागी दुसरंच पोस्टर.

"आक्का, आमचं कुठाय?"

"मालकांनी उतरवलं," मी म्हणाले. "रिपोर्ट बरा न्हवता."

"कुणी दिला रिपोर्ट?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. "पब्लिकनं," म्हणाले.

तेवढ्यात एक झोंबी पुढं आला. त्या म्हातारीचा लेक, नाव बिरू. "आवं आक्का, पब्लिक तर मीच हुतो की! माझी सेकंड शिफ्ट, म्हणून शुक्रवारी बारालाच बघून गेलो. हसून हसून डोळ्यांतनं पाणी. बेक्कार हाय म्हणून तर आईला जतवरनं आणली."

"बेकार हाय तर म्हातारीला कशाला आणायची एवढ्या लांबनं?"

सगळी झोंबी हसली. कुणाची तरी बायको म्हणाली, "आवं आक्का, बेकार न्हाई, बेक्कार! बेक्कार म्हंजे लय भारी. आमची पोरं वडापावलाबी बेक्कार म्हणत्यात."

मी दाराची कडी धरली. एक क, बघा. डोळे पुसत आलेला तो माणूस समोर पीठ फासून उभा होता, आणि मी त्याला झोपाळू ठरवला होता.

मालकांकडं धावत गेले. "मालक, तेवढा एकच शो लावा."

"लागणार न्हाई, आक्का. चावी कालपर्यंतचीच हुती."

चावी म्हणजे काय, तर आता पिक्चर रिळावर येत नाही, कॉम्प्युटरमध्ये येतं. त्याला कुलूप असतं आणि ते ठरलेल्या तारखांनाच उघडतं. आधी रविवारपर्यंतचीच चावी येते, पिक्चर चाललं तर पुढची. पुढची चावी मागवायची तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. "का गं, काय झालं?" मालकांनी विचारलं. मी म्हणाले, "काय न्हाई. माणसं बरीच आल्याती." तिथंही सांगितलं नाही.

बाहेर झोंबींनी आमच्याच नळावर तोंडं धुतली. कुंकवाचं लाल पाणी गटारीपर्यंत गेलं. म्हातारीनं मला विचारलं, "आता कवा लागंल ओ?"

"लागंल की," मी म्हणाले. लागणार नाही हे मला माहीत होतं.

कराडवाल्यानं सांगलीचा रिपोर्ट ऐकून नाही म्हटलं. पिक्चर तिथंच संपलं.

आठ दिवसांनी मालकांना खरं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पंधरा पावलांवर पडदा हाय. मीबी उठून बघितलं न्हाई." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून कुपवाडला गेले. प्रवीण लेथपाशी डबा उघडून बसला होता. सगळं सांगितलं. रिपोर्ट कुणी दिला, सोमवारचं का दाबलं, सगळं. आधी तो हसला. "म्हंजे एका क नं मारलं आमास्नी?" मग हसू गेलं. "आक्का, चूक हुती. कुणाचीबी हुती. पण सोमवारी दारात खरं बोलायला पायजे हुतं. बिरूची आई आजून म्हणती, माझ्या पोरानं काम वाईट केलं, त्याच्यापायी पिक्चर उतरवलं."

मी म्हणाले, "फोन लाव तिला."

शेजारीच डबा खात बसलेल्या बिरूनं स्पीकरवर लावून दिला. मी ओरडूनच सांगितलं, तिला कमी ऐकू येतं म्हणून. "आज्जी, थेटरातली आक्का बोलते. तुमच्या पोराचं काम चांगलं हुतं. चूक माझी हुती. पिक्चर बेक्कार हुतं!"

पलीकडनं म्हातारी म्हणाली, "मी तरी दुसरं काय म्हणती, बाई?"

सगळे जेवता जेवता हसायला लागले. मला हसू येईना. तिथंच उभी राहून मी तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा समजावलं. दोनदा. तिला पटलं का नाही, अजून माहीत नाही.

बिरूनं त्याच्या मोबाइलवर मला पिक्चर दाखवलं. कार्ड पंच करताना झोंबीचा हातच मशीनला चिकटून राहतो आणि मागचा झोंबी म्हणतो, 'लवकर कर की, लेट मार्क लागंल.' मी पोट धरून हसले आणि मग आणखीच लाज वाटली.

अजून दारात मीच उभी असते. फरक एवढाच, की आता आधी आत जाऊन पिक्चर बघते. आणि कुणी न कळणारं काही बोललं, तर त्याला दारातच अडवून अर्थ विचारते. गर्दी खोळंबते. खोळंबू दे.