तिसरा होला

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग जम्मूकडच्या डोंगरात होती. पोस्टवर आम्ही बावीस जण. पाणी खालच्या नाल्यातून आणावं लागे, म्हणून रोज सकाळी सहा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्त, आधी नाला तपासून येई. मी लीड स्काउट, सगळ्यांत पुढे; वायरलेसवर माझं नाव 'वन'. माझ्या मागे लान्स नायक बबन इंगळे, रिसोड तालुक्यातला. मी वाशीमकडच्याच मालेगावजवळचा. पलटणीत इतक्या जवळचा माणूस भेटला की तो भाऊच होतो.

बबनचे वडील दौलतबाबा तरुणपणी फासे लावून होले धरायचे. आता तो गुन्हा आहे आणि बाबांनी फासे कधीच जाळले. पण बबनच्या अंगात ती विद्या मुरली होती. मला मात्र होला आणि पारवा यांतला फरकही कळत नसे. त्यावरून तो माझी यथेच्छ टर उडवायचा.

संध्याकाळी मोर्च्यात, म्हणजे आमच्या खंदकात, शिकवणी चाले.

"सूर्य पाठीमांगं ठेवाचा. मान हालवाची नाही. होला सरळ पान्यावर येत नाही, आदी वाळक्या झाडावर बसून पाह्यते."

"मंग उतरला का धराचा?"

"नाही ना बे! पयला येडा असते, तानेपायी येते. दुसरा त्याच्या मांगं येते. तिसरा उतरला, मंगच समजाचं का त्याइचा संशय फिटला. तीन उतरल्याबिगर हालाचं नाही."

नाल्याकाठी एक वाळकं झाड होतं. बबन रोज त्यावरचे होले पाहायचा. "पान्यापाशी कोनी दडून असन, तं तिसरा उतरनार नाही," तो म्हणे. मला ते पटलं होतं, पण अर्धवट. नवशिक्याचं तसंच असतं.

त्या दिवशी ०६१० वाजता आम्ही नाल्याच्या वर साठ मीटरवर आडोसा घेतला. झाडावर सात होले. पाच मिनिटं झाली, एकही उतरेना. मला खटकलं. समोरचं प्रत्येक झुडूप संशयास्पद वाटू लागलं. तेवढ्यात एक होला खाली आला आणि पाणी पिऊ लागला. माझा जीव भांड्यात पडला. बोटं थंडीने बधिर झाली होती आणि मला परत जाऊन चहा प्यायचा होता. खरं कारण एवढंच.

सेटवर पेट्रोल कमांडरचा आवाज आला. "वन, नाला?"

"क्लिअर, साब. ओव्हर."

मी उठलो. चार पावलं गेलो असेन.

"थांब बे! एकच उतरला!"

बबनने धावत येऊन मला पाठीवरच्या पिट्ठूला धरून मागे ओढलं. मी आडवा झालो. तो उभा होता. पलीकडच्या झुडपातून गोळ्यांचा बर्स्ट आला.

फायरिंग अकरा मिनिटं चाललं. समोरचे पळाले. ०६४० ला बबन गेला. त्याचा हात माझ्या पिट्ठूच्या पट्ट्यात तसाच अडकलेला होता.

महिन्याभराने सुट्टी मिळाली. वाशीमहून एसटीने रिसोड गाठलं आणि बाबांच्या शेतावर गेलो. ते पाझर तलावाच्या काठावर बसले होते. साहेबांची भाषणं, सलामी, सगळं होऊन गेलं होतं. बबन त्यांना फोनवर त्या झाडाची रोजची खबर द्यायचा, हे मला ठाऊक नव्हतं.

"किती उतरले व्हते?" बाबांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. "तीन."

शेताच्या धुऱ्यावर अनोळखी माणूस दिसावा तसे ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तीन उतरले असते तं माहा बबन उठला नसता."

मला रडू आवरेना. "एक, बाबा. एकच. म्या घाई केली."

 त्यांनी जवळची पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. "पानी पे," म्हणाले.

आता मी रिटायर झालोय. गावात कोणी छऱ्याची बंदूक दाखवून होल्याचा नेम विचारतं. मी त्याला हाकलून लावतो. दरवर्षी बबन गेला त्या तारखेला मात्र सकाळी बाबांजवळ तलावावर जाऊन बसतो. त्यांना आता दिसत नाही. मी हळू आवाजात मोजतो.

"पयला." मग, "दुसरा."

कधी तिसऱ्याला अर्धा तास लागतो. आम्ही दोघंही हलत नाही.

"तिसरा उतरला, बाबा."

"खरंच?" ते दरवर्षी विचारतात.

"खरंच."

मग माझा हात धरून ते उठतात.