आधी खांब हलवा, मग शाल घाला

हा लेख मी दुसऱ्यांदा पाठवत आहे. पहिल्या वेळी तो परत आला. सोबत गौरवसमितीच्या चिटणीसांची चिठ्ठी होती : "बाई, लेख उत्तम. फक्त शेवटची दीड पाने गाळूया. त्यांत ज्या अधिकाऱ्यांवर लिहिलंय तेच समारंभाला पाहुणे आहेत. मंगल प्रसंगी वाद नको." मी ती दीड पाने गाळली नाहीत, वाढवली. श्री. शामराव दादू एकशिंगे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त माझा लेख हवा असेल तर तो असाच छापावा, नाहीतर छापू नये, असे कळवले. लेख आपल्या हातात आहे, त्यावरून समितीने काय ठरवले ते कळेलच. समितीचे आभार मानते. थोडे उशिरा, आणि थोडेच.

कृषी पदवी घेऊन मी खात्यात रुजू झाले तेव्हा आमच्या मंडळात शिवारात फिरणारी बाई मी एकटीच होते. एकशिंगेसाहेब आमचे पर्यवेक्षक. पहिल्याच सकाळी ते मला कार्यालयामागच्या पर्जन्यमापकाशी घेऊन गेले. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : वर नरसाळे, खाली बाटली, आणि बाटलीतले पाणी मोजायला रेघा मारलेले काचेचे भांडे. रोज सकाळी साडेआठला मोजायचे आणि वहीत लिहायचे. मी भांडे हातात धरून उभ्याउभ्याच आकडा सांगितला.

"खाली बसा," साहेब म्हणाले.

खाली चिखल होता आणि माझी साडी नवी होती.

"बसा की. पाऊस उभ्यानं वाचता येत न्हाय."

भांडे सपाट फरशीवर ठेवून, डोळे पाण्याच्या रेषेत आणून वाचले तेव्हा आकडा वेगळा निघाला. "तुमची पदवी बरोबर हाय," ते म्हणाले, "मान तेवढी वाकवा." असा आमचा परिचय झाला. मला त्यांचा राग आला होता. तो पुढे पंधरा दिवस टिकला.

पंधराव्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. एका रविवारी मी गावाला गेले आणि वाचन राहिले. सोमवारी आले तर बाटलीत दोन दिवसांचे पाणी साठलेले. मी ते मोजले, त्याचे सरळ दोन भाग केले, अर्धे रविवारी लिहिले, अर्धे सोमवारी लिहिले आणि आकडा तालुक्याला कळवून टाकला. हे मी शोधून काढलेले नव्हते. मागच्या वह्यांत सगळ्यांनी तेच केलेले होते. खात्यात त्याला चूक म्हणत नसत, पद्धत म्हणत.

साहेबांनी वही पाहिली आणि विचारले, "रविवारी सकाळचा आकडा कुठनं आला?"

मी सांगितले.

"शनिवारी रातच्याला मी हितंच, कार्यालयाच्या गावात लग्नाला होतो. आषाढाआधीचं शेवटचं लग्न. सकाळी निघेपतोर मांडव कोरडा होता. पाऊस म्हंजे काय भाकरी हाय व्हय बाई, अर्धी अर्धी करून दोघांच्या ताटात घालायला?"

यात काय बिघडले, असे आज खात्याबाहेरच्या वाचकाला वाटेल. बिघडते ते असे : एका दिवसात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस पडला तर त्या मंडळात, म्हणजे त्या गावांच्या गटात, अतिवृष्टी धरली जाते. अतिवृष्टी धरली तर पंचनामे होतात, आणि पंचनामे झाले तरच नुकसान झालेल्याला मदत मिळते. एका दिवसाचा पाऊस दोन दिवसांत वाटला की दोन्ही आकडे मर्यादेच्या आत जातात. शेत वाहून गेलेले असते, पण कागदावर पाऊसच पडलेला नसतो.

साहेबांनी माझ्याकडून दोन्ही आकडे खोडून घेतले. रविवारी लाल शाईने लिहायला लावले, 'वाचन झाले नाही'. सोमवारी लिहायला लावले, 'दोन दिवसांचे एकत्र'. तालुक्याला दुसरा निरोप धाडला की पहिला आकडा चुकीचा होता. वरून कारणे दाखवा नोटीस आली, ती माझ्या नावाने नव्हे, त्यांच्या. उत्तरात त्यांनी माझे नावही घेतले नाही. 'पर्यवेक्षण माझे होते' एवढेच लिहिले. मला हे दोन वर्षांनी आमच्या कारकुनाकडून कळले. साहेबांनी आजवर तो विषय काढलेला नाही. मी इथे काढला, याबद्दल ते मला बोलतील. बोलोत.

सोपी सवलत त्यांनी मला कधी दिली नाही. महापुराच्या वर्षी पंचनाम्यांची गावे वाटली जात होती तेव्हा एक सहकारी म्हणाले, "बाईंना नदीकाठची गावं नकोत. चिखल आहे, लहान मूल आहे घरात." साहेबांनी वर न पाहता माझ्या नावापुढे नदीकाठची तीन गावे लिहिली. मीटिंग संपल्यावर म्हणाले, "मूल आमच्या घरी सोडा. तुमच्या वहिनी हायत." आठवडाभर माझी मुलगी एकशिंगेवहिनींच्या हातचे जेवली, आणि परत आणले तेव्हा घरी यायला तयार नव्हती.

कागलजवळ हमरस्त्याला लागून खात्याचे एक प्रात्यक्षिक होते, नव्या वाणाच्या भुईमुगाचे. पीक चांगले आले. त्यावर मोठा फलक लागला, कारण साहेबलोकांच्या गाड्या तिथेच थांबत. तेच वाण आत, दोन शिवारे ओलांडून, साफ फसले होते. एकशिंगेसाहेबांनी तिथेही तेवढाच फलक लावला : 'हे वाण या जमिनीत आले नाही. कारणे विचारायला यावे.' वरिष्ठ संतापले. "खात्याची अब्रू चव्हाट्यावर मांडताय?" साहेब म्हणाले, "रस्त्याकडंचं बघून माणसं बी घेतील आणि आतल्या रानात पेरतील. मग अब्रू राहील का?" फसलेल्या रानात शेतकरी जास्त आले. फलक मात्र आठवड्यात काढायला लावला गेला.

हे सगळे समितीने आनंदाने छापले असते. जुन्या काळचे आहे, आज कुणाला टोचत नाही. टोचते ते पुढचे आहे.

साहेब निवृत्त होऊन गडमुडशिंगीला घरी असतात. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे पारूबाई आल्या. घाटाकडच्या एका मंडळातल्या शेतकरी. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायला हवे त्यांना कळेल. पूर्वी साहेबांच्या हाताखाली त्यांनी भाताचे प्रात्यक्षिक केले होते, तेवढ्या ओळखीवर दोन एसट्या बदलून त्या आल्या. त्या दिवशी मीही तिथे होते. पारूबाई उंबऱ्यावर बसल्या त्या बोलतच.

"सायेब, पोटरीत आल्यालं भात झोपलं. बांध गेलं. शेजारच्या मंडळात पंचनामं झालं, आमच्यात कुणी फिरकलं न्हाय. म्हंत्यात तुमच्याकडं पाऊसच झाला न्हाय. आमच्या शिवारात पडला, आन् त्येंच्या खांबात न्हाय पडला, तवा आमी खोटं व्हय?"

खांब म्हणजे स्वयंचलित हवामान केंद्र. आता बाटली आणि नरसाळे गेले. प्रत्येक मंडळात असा एक खांब आहे, तो आपणहून पाऊस मोजतो आणि आकडा परस्पर वर पाठवतो. चांगली गोष्ट आहे. रविवारची सुट्टी खांबाला नसते. साहेबांनी पारूबाईंना चहा दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावी गेले. मलाही यायला लावले.

खांब ग्रामपंचायतीच्या मागे होता. एका अंगाला पाण्याच्या टाकीची भिंत, दुसऱ्या अंगाला फणस. फणसाची एक फांदी पाऊस मोजणाऱ्या भांड्याच्या अगदी डोक्यावर. खात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात की जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, तिच्या दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवा. इथे तर माणूस हात लांब करून दोन्हींना शिवू शकला असता. मग खांब तिथे का? कारण कुंपण आयते होते आणि गाडी दारापर्यंत जात होती.

वहीत कुणी आकडा खोटा लिहिला तर निदान लिहिणाऱ्याला धरता येते. चुकीच्या जागी उभे केलेले यंत्र रोज प्रामाणिकपणे खोटे बोलते, आणि धरायला माणूसच सापडत नाही. या गोष्टीचा मला जितका संताप येतो तितका लाच खाणाऱ्याचाही येत नाही.

साहेबांनी स्वतःच्या खर्चाने जुन्या पद्धतीचा पर्जन्यमापक आणला आणि पारूबाईंच्या उघड्या माळावर बसवला. गेला संपूर्ण पावसाळा पारूबाईंनी रोज साडेआठला वाचन केले. माहेरी गेल्या त्या दिवशी 'मी नव्हते' असे लिहून ठेवले. त्यांच्या माळावर दोनदा मर्यादा ओलांडली गेली. खांबाने एकदाही ओलांडलेली दाखवली नाही. मंडळ अतिवृष्टीच्या यादीत त्याही वर्षी आले नाही, आणि पारूबाईंच्या बांधाची दगडमाती पावसाळा संपला तरी ओढ्यातच होती.

ती वही घेऊन साहेब खात्याच्या तालुक्याच्या कचेरीत गेले. मी सोबत होते. अधिकारी तरुण, हुशार, बोलायला गोड. खुर्चीवरून उठले, साहेबांच्या पाया पडले. मग म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण खासगी नोंद ग्राह्य धरता येत नाही. शिवाय यात मध्ये दिवस गाळलेले दिसतात."

"गाळल्यालं न्हाईत. त्या दिवशी बाई गावात नव्हती, तसं लिवलंय. नोंद धरू नका तुम्ही. खांब बघायला चला फक्त."

"जागा वरून ठरलेली असते, सर."

"वरून नुसता पाऊस येतो. जागा कुणीतरी खाली उभं राहून दाखवलेली असती."

अधिकारी हसले. मी हसले नाही. शेवटी ते म्हणाले, "हलवायचा म्हटला तरी मोकळी शासकीय जागा आहे कुठे त्या गावात?" आणि शिपायाला चहा सांगितला. साहेबांनी चहा घेतला नाही. खात्यात इतकी वर्षे त्यांना पाहिले, पण कचेरीतला चहा त्यांनी नाकारलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तेच अधिकारी आता त्यांना शाल घालणार आहेत. माझा त्यांच्यावर व्यक्तिगत राग नाही. पण ज्या हातांनी वही बाजूला सारली त्याच हातांनी श्रीफळ द्यायचे, 'मोजून चालणारा माणूस' म्हणून भाषण करायचे आणि त्यांनी केलेले मोजमाप मात्र मानायचे नाही, याला गौरव म्हणायला मी तयार नाही. समितीचे लोक साहेबांकडे गेले तेव्हा ते त्यांना एवढेच म्हणाले, "सत्कार करायचाच असंल तर त्या फणसाखाली करा. पाव्हण्यांना तिथं घेऊन या." समितीने सभागृह आधीच ठरवले होते.

खांबाला जागा नाही, हे कचेरीचे उत्तर साहेबांनी पारूबाईंना जाऊन सांगितले. त्या ताक घुसळत होत्या.

"किती जागा लागती त्या खांबाला?"

"दोन खाटा बसतील एवढी. कुंपणासकट चार धरा."

"एवढीच व्हय? मग कागद आणा. आन् बाई, तुमी लिवा. सायेबांचं अक्षर कुणाला लागत न्हाय."

कागद मी लिहिला. पारूबाईंनी वाचून घेतला, दोन शब्द बदलायला लावले, आणि सही केली.

एकशिंगेसाहेबांनी शंभरी गाठावी, धडधाकट गाठावी, चिखलातून चालत आणि आम्हाला खाली बसायला लावत गाठावी, ही आम्हा सर्व सहकाऱ्यांची मनापासूनची इच्छा आहे. मात्र एक खांब चार पावले हलायला तेवढी वर्षे लागू नयेत. पाऊस महिन्यावर आला आहे. पारूबाईंनी बांध पुन्हा घातला आहे. तो यंदा गेला तर गेल्याची नोंद झाली पाहिजे.

म्हणून हा लेख समितीकडे पुन्हा देण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी कचेरीच्या आवक खिडकीवर जे दिले त्याची नोंद इथे करते. एक, खांब हलवण्याचा विनंतीअर्ज, सह्या श्री. एकशिंगे, पारूबाई आणि मी. दोन, पावसाच्या वहीची संपूर्ण प्रत. तीन, टाकी, फणस आणि खांब यांच्यातली अंतरे दाखवणारा नकाशा, टेप लावून काढलेला, ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांच्या सह्यांसह. चार, पारूबाईंचे संमतिपत्र : माळावरची खांबापुरती उघडी जमीन, चहूबाजूंनी झाड अथवा भिंत नाही, गाडीवाट आहे, विनामोबदला. सोबत त्या जमिनीचा सातबारा, नाव पारूबाईंचेच. खिडकीवरच्या कारकुनाने चारही कागद मोजून घेतले आणि प्रतीवर शिक्का व सही दिली. पोच माझ्याजवळ आहे. यापुढे जागा नाही असे कुणी म्हणू नये.